या दिवाळीला ती भिंत तशीच राहू द्या

पत्र : आम्ही दोघंही निवृत्त. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, इमारत १९८६ची. लेक पहिलटकरीण आहे. फेब्रुवारीत तारीख दिलीय, दिवाळी झाली की माहेरी येईल. त्याआधी घर रंगवायचं आहे आणि ह्यांचं म्हणणं, आपणच रंगवू. आतल्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीला खिडकीखाली दर पावसाळ्यात पोपडे धरतात. तीन वर्षांपूर्वी दिवाळीला पुट्टी करून प्लॅस्टिक पेंट मारला, पुढच्या श्रावणात पापुद्रे गळायला लागले. दारं-खिडक्यांच्या चौकटी सागवानी आहेत म्हणे, पण आधीच्या मालकांनी त्यांच्यावर हिरव्या ऑइलपेंटचे थर चढवलेत. ते खरवडून लाकूड उघडं करावं आणि पॉलिश करावं अशी माझी फार दिवसांची हौस आहे. एक कंत्राटदार येऊन गेला, तो म्हणतो सगळ्या घराला दोन हात पुट्टी लागेलच. खरंच लागते का? आणि सामान किती आणायचं?
— एक वाचक, डोंबिवली

ताई, नमस्कार.

आधी नन्नाचा पाढा वाचतो, मग कामाला लागू. दोन गोष्टी या दिवाळीला करू नका. ती पश्चिमेची भिंत रंगवू नका आणि चौकटी खरवडू नका. बाकीचं घर दोघांनी मिळून खुशाल रंगवा. पाठ दुखेल, पण जमेल.

भिंतीचं पाहू. तुमच्या पत्रातले ‘खिडकीखाली’ आणि ‘दर पावसाळ्यात’ हे दोन शब्द सगळं सांगून जातात. वरच्यांचं न्हाणीघर गळत असतं, तर ओल बारा महिने दिसली असती आणि छताकडून खाली उतरली असती. तुमची ओल पावसाबरोबर येते आणि जाते. आपल्याकडे पावसाचा मारा पश्चिम-नैऋत्येकडून, तिरका. बाहेरच्या गिलाव्याला केसाएवढी चीर असली, खिडकीच्या पाटाचा उतार आतल्या बाजूला असला किंवा चौकट आणि भिंत यांच्यातला सांधा सुटला असला, की तेवढं पुरतं. चार महिने भिंत पाणी पीत राहते. पाऊस थांबला की ते पाणी आतल्या अंगाने बाहेर पडायला बघतं, आणि येताना विटेतले, सिमेंटमधले क्षार विरघळवून आणतं. पाणी उडून जातं, क्षार रंगाच्या मागे खड्यासारखे बसतात आणि रंगाला पुढे ढकलतात. एक पोपडा फोडून मागे बघा, मिठासारखी पांढरी भुकटी दिसेल. तीन वर्षांपूर्वीच्या रंगाऱ्याला तुम्ही बोल लावला असेल, पण रंग आणि पुट्टी दोन्ही यात बरेचसे निर्दोष आहेत. दुकानदार आतून लावायचा वॉटरप्रूफ रंग गळ्यात मारेल. पाणी मागून येतंय, तर पुढून लावलेलं झाकण आज ना उद्या फुगणारच.

मुंबई परिसरातून पाऊस माघारी जातो त्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख आहे ८ ऑक्टोबर. आणि आपण घटस्थापनेपासूनच ब्रश घेऊन उभे! चार महिने भिजलेल्या भिंतीला आपण सुकायला दोन आठवडेसुद्धा देत नाही. ही चूक मी स्वतः दोनदा केली आहे. दुसऱ्यांदा तर पहिल्यापेक्षा महाग रंग आणून केली, कारण पहिला रंग हलका असणार अशी माझी खात्री होती. वडिलांचं रंगाचं दुकान असलेल्या माणसाने हे करावं, म्हणजे काय म्हणायचं.

भिंत सुकली की नाही हे हाताला कळत नाही. त्याला साधा उपाय आहे. पारदर्शक प्लॅस्टिकचा दीड फुटाचा चौकोन कापा, चारी कडा चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि दोन दिवस हात लावू नका. भिंतीकडच्या बाजूला दव धरलं तर पाणी भिंतीतच आहे. बाहेरच्या बाजूला धरलं तर तो हवेतला दमटपणा, त्याचं एवढं मनावर घ्यायचं कारण नाही.

तर आत्ता त्या भिंतीचं एवढंच करा. सुटलेले पोपडे आणि त्यांच्याखालची भुसभुशीत पुट्टी रंगाऱ्याच्या पत्र्याने (स्क्रॅपरने) काढून टाका. खार कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतलात तर तो विरघळून पुन्हा आत शिरेल आणि महिन्याभराने हजर होईल. काळी बुरशी असेल तिथे मात्र एक भाग ब्लीच, तीन भाग पाणी असं लावून पंधरा मिनिटांनी पुसून घ्या. खिडकी उघडी ठेवा आणि त्यात दुसरं काहीही, विशेषतः संडास धुवायचं ॲसिड, मिसळू नका. त्यातून विषारी वायू सुटतो. मग भिंत उघडीच ठेवा. पलंग, कपाट अर्धा फूट पुढे ओढा, वारा खेळू दे. सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. बाहेरच्या भिंतीतून येणारी पावसाची गळती दुरुस्त करणं हे आदर्श उपविधींनुसार सोसायटीचं काम आहे, तुमच्या एकट्याच्या खिशातून करायचं नाही. बाहेरची चीर बुजली आणि पुढचा एक पावसाळा कोरडा गेला, की मग आतून रंग.

लेक आली की तिचा पलंग दुसऱ्या खोलीत लावा. पोपडे काढलेली भिंत पाहुण्यांना दिसेल, दिसू दे. फारच खटकली तर पुढे पडदा सोडा, पण भिंतीला चिकटवून नको.

आता चौकटी. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण पत्रातली मला खरी काळजी वाटली ती गोष्ट हीच.

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. रंग लवकर वाळावा म्हणून, आणि पिवळा, केशरी, हिरवा अशा झगझगीत छटांसाठी तर हमखास. त्या काळचा हिरवा पुष्कळदा शिशाचा पिवळा आणि निळा मिसळून होत असे. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर सक्तीची मर्यादा आली ती अगदी अलीकडे. नियम २०१६चे, अंमल १ नोव्हेंबर २०१७ पासून, आणि मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग. तुमच्या चौकटींवरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे आहेत. त्यांत शिसं आहे की नाही हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, म्हणून ते आहे असं धरूनच वागायचं.

घट्ट बसलेला जुना रंग लाकडावर नुसता असल्याने काही करत नाही. तो घासला, खरवडला, जाळला की त्याची धूळ आणि धूर होतो. ती धूळ फटीत, गादीत, पडद्यात महिनोन्‌महिने राहते. पोटातल्या बाळाला आईच्या रक्तातून शिसं पोचतं, आणि रांगणारं पोर तर जमिनीवरचा हात दिवसातून शंभरदा तोंडात घालतं. मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो आणि तो भरून निघत नाही. पहिलटकरीण यायच्या महिनाभर आधी, चाळीस वर्षांचा हिरवा रंग कोरड्या पॉलिश पेपरने घासायचा? ताई, अजिबात नाही. कुणी ब्लोलँपने रंग जाळून काढून देतो म्हणाला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

मग करायचं काय, तर तो रंग आहे तिथेच कोंडायचा. नव्या रंगाखाली घट्ट बंद झाला की झालं. त्यासाठी जुन्या रंगाची फक्त चमक मारावी लागते, लाकडापर्यंत जावं लागत नाही.

खोली रिकामी करा, जमिनीवर जाड प्लॅस्टिक पसरा, दोघंही एन-९५ मास्क लावा. आधी कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून चौकटी पुसा. स्वयंपाकघराच्या चौकटीवर तेलाचा चिकट थर असतो, दाराच्या कडीभोवती हाताचं तूप. तो निघाल्याशिवाय वर काहीही धरत नाही. नंतर साध्या पाण्याने पुसून घ्या. मग वॉटर पेपर, १८० किंवा २२० नंबरचा. तो पाण्यात बुडवायचा, चौकट ओली ठेवायची आणि लाकडाच्या रेघेच्या दिशेने हलक्या हाताने फिरवायचा. जो लगदा येईल तो लगेच ओल्या फडक्याने टिपून घ्यायचा, वाळू द्यायचा नाही. आरशासारखी चमक जाऊन पृष्ठभाग पाटीसारखा निस्तेज दिसला की थांबा. जिथे रंग सुटलाय तिथे पाण्याचा फवारा मारून सुटलेला तेवढाच उचला. फडकी, लगदा, प्लॅस्टिक सगळं एका पिशवीत बांधून टाका. झाडू मारू नका, जमीन दोनदा ओल्या फडक्याने पुसा. कामाचे कपडे वेगळे धुवा. वाचताना हे सोवळं-ओवळं वाटेल, पण तीन दाराच्या चौकटी दोन दिवसांत होतात.

चौकटी पूर्ण सुकल्या की खिळ्यांची भोकं आणि टवके वुड फिलरने भरा. आमच्या दुकानात खडूची पावडर अळशीच्या तेलात मळून ‘लांबी’, म्हणजे भोकं बुजवायचा लगदा, करत. वडिलांच्या अंगठ्याला तिचा वास कायमचा होता. ती उत्तम बसते, पण वाळायला वेळ खाते. शिवाय अळशीच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर आपोआप तापून पेटू शकतात. त्या कामात पडू नका, पाण्याचा तयार फिलर आणा.

वर प्रायमर, म्हणजे रंग धरावा म्हणून आधी द्यायचा अस्तराचा हात, आणि दोन हात इनॅमल, म्हणजे लाकडाचा चकचकीत रंग. ऑइलचा इनॅमल घेऊ नका, पाण्याचा घ्या. वास कमी, ब्रश नळाखाली धुता येतो आणि पांढरा रंग दोन वर्षांत पिवळा पडत नाही. अंधाऱ्या बोळकांडीतला ऑइलचा पांढरा किती लवकर लोण्याच्या रंगाचा होतो ते तुम्ही पाहिलंच असेल. प्रायमर घेताना जुन्या ऑइलपेंटवर चालतो असं डब्यावर लिहिलंय ना ते बघा. एका आडबाजूला हातभर लावून आठवडाभराने चिकटपट्टी लावून खस्सकन ओढा. रंग पट्टीबरोबर आला तर अजून घासायला हवं.

एक गोष्ट कंत्राटी रंगारी सहसा करत नाहीत ती तुम्ही करा. लाकडी दाराची खालची आणि वरची कड रंगवा. तिथे आडवं कापलेलं लाकूड उघडं असतं, तिथूनच दार दमट हवा पितं, आणि मग आषाढात अडकतं. खालच्या कडेसाठी दार उतरवावं लागतं, सुताराला अर्ध्या तासाचं काम. दार आत्ताच अडकत असेल तर लगेच रंधा मारायला सांगू नका, त्यातही तीच धूळ. आधी बिजागरीचे स्क्रू आवळून बघा, निम्मी दारं तेवढ्यानेच सरळ होतात.

आणि हौसेचं. सागवान उघडं करून पॉलिश करायला हरकत नाही, पण आत्ता नाही. लेक बाळाला घेऊन सासरी जाऊ दे, मग जाणत्या माणसाकडून, रंग सोडवणारा रिमूव्हर लावून, ओल्यानेच करून घ्या. त्याआधी तळाच्या कोपऱ्यात नखाएवढी जागा ओलीच घासून खाली खरंच सागवान आहे का ते बघा. कागदावर सागवान आणि रंगाखाली भलतंच लाकूड, हे त्या काळात काही कमी झालेलं नाही. चौकट सागाची आणि दार प्लायचं, हे तर सर्रास.

उरलेल्या भिंती त्या मानाने सोप्या. कंत्राटदाराचं ‘दोन हात पुट्टी लागेलच’ हे वाक्य जवळपास प्रत्येक घरात बोललं जातं. माझं मत, तुमच्या घराला ती सरसकट लागत नाही. १९८६च्या इमारती बहुतेक नीरू फिनिशच्या, म्हणजे सिमेंटच्या गिलाव्यावर चुन्याचा गुळगुळीत हात. ती भिंत मुळातच सपाट असते. वरचा रंग घट्ट असेल तर खड्डे आणि भेगा भरल्या की काम झालं. अख्ख्या घराला पुट्टी म्हणजे अख्खं घर घासणं, आणि ती धूळ पुढच्या गणपतीपर्यंत सापडत राहते.

रंग घट्ट आहे का हे असं ओळखायचं. ओला तळवा भिंतीवर घासा. रंग हाताला आला तर तो डिस्टेंपर किंवा चुना. डिस्टेंपर थोडासा येत असेल तर ओल्या स्पंजने धुवून, सुकवून, प्रायमर मारला की चालतं. चुन्याचे जाड थर मात्र खरवडावेच लागतात, नाहीतर वरचा इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्याचा रंग, पापडासारखा सुटून येतो. हाताला काही आलं नाही तर भिंतीवर पत्र्याने फुलीसारख्या दोन चिरा द्या, वर चिकटपट्टी दाबा आणि ओढा. काहीच निघालं नाही तर ती भिंत फक्त धुवा. कुठे भिंतीलाही ऑइलपेंट असेल, स्वयंपाकघरात कमरेएवढा असायची पद्धत होती, तर तिला चौकटीचेच नियम.

भेगांमध्ये डावं-उजवं करा. केसासारख्या वेड्यावाकड्या भेगा गिलाव्याच्या. पत्र्याच्या टोकाने थोड्या रुंद करा, धूळ काढा, क्रॅक फिलर भरा. बीम आणि विटांची भिंत जिथे भेटतात तिथली सरळ आडवी भेग भरली तरी परत येते, कारण दोन्ही वेगवेगळं आकसतात. तिथे फिलरवर जाळीची पट्टी बसवा. पण खांबाच्या किंवा बीमच्या अंगाने लांब भेग असेल, मागे गंजाचा तांबडा डाग असेल किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर रंगाचं सामान खाली ठेवा आणि इंजिनिअरला बोलवा. आतली सळई गंजून फुगली की असं होतं. या वयाच्या इमारतींत हे दिसतं आणि पुट्टीखाली झाकलं जातं.

पुट्टी दोन प्रकारची. व्हाइट सिमेंटची कडक असते, तिला आधी भिंत ओली करावी लागते. ॲक्रिलिकची मऊ, तयार मिळते आणि घासायला सोपी. नुसते खड्डे भरायला ॲक्रिलिकचीच घ्या. पातळ दोन थर द्या, एक जाड नको. संध्याकाळी दिवे घालवून टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरा, म्हणजे दिवसा न दिसलेले सगळे खड्डे सावल्या टाकतील. भरलेल्या प्रत्येक जागेला प्रायमर द्या, नाहीतर शेवटच्या रंगात तिथे निस्तेज ठिपके उठून दिसतात.

क्रम असा. धुळीचं आणि घासण्याचं सगळं काम आधी, लाकडाचंसुद्धा. मग छत, मग भिंती, शेवटी चौकटींचा रंग. स्विचबोर्डाजवळ धुताना मेन स्विच बंद. ब्रशने आधी कडा आणि कोपरे काढून घ्या आणि ते ओले असतानाच रोलर फिरवा. म्हणून एका वेळी एकच भिंत धरा, चारी भिंतींच्या कडा एकदम काढून ठेवू नका. पंखा बंद, कारण वाऱ्याने कड आधी वाळते आणि जोड दिसतात. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच. छतासाठी रोलरला लांब दांडी लावा. ह्यांना सांगा, स्टुलावर स्टूल ठेवायची गोष्ट काढायची नाही.

हिशेब. १० बाय १२ची खोली, उंची साडेनऊ फूट धरली तर चारी भिंती ४१८ चौरस फूट. दार-खिडकीचे ४१ वजा केले की ३७७. चांगला इमल्शन दोन हातांत लिटरला साधारण १०० ते १४० चौरस फूट जातो, म्हणजे तीन ते चार लिटर. चार लिटरचा एक डबा, आणि छताचा वेगळा एक लिटर. पश्चिमेची भिंत वगळता याहून कमीच लागेल. एकाच रंगाचे दोन डबे मशीनवर घोटून आणले असतील, तर सुरुवातीलाच मोठ्या बादलीत एकत्र करा. छटेत फरक असला तर तो अर्ध्या भिंतीवर कळतो, आणि तोवर उशीर झालेला असतो.

सगळं काम लेक यायच्या निदान तीन आठवडे आधी संपवा आणि खिडक्या उघड्या ठेवा. दिवाळीच्या आधी जमेल तेवढंच करा. स्वयंपाकघर राहिलं तर राहिलं, ती घरात असताना काढू नका. उरलेला रंग झाकण घट्ट बसणाऱ्या बरणीत भरा, वर छटेचा नंबर आणि तारीख लिहा. बाळ उभं राहायला लागलं की भिंतीवर पहिली रेघ कुठल्या उंचीवर येते ते तुम्हाला ठाऊकच आहे. पश्चिमेच्या भिंतीचा डबा मात्र आत्ता आणू नका.